शाळेला काचेची टाकी नको, खाडीतला दोर द्या

आमच्या शाळेतली सहावी-सातवीची मुलं वर्षभर ज्या प्राण्याची काळजी घेतात त्याला चेहरा नाही. तो हाकेला ओ देत नाही, खाऊ दिला म्हणून जवळ येत नाही, घाबरून पळूनही जात नाही. लहानपणी एकदाच जागा निवडतो, तिथे स्वतःला घट्ट चिकटवून घेतो आणि उरलेलं सगळं आयुष्य तिथेच काढतो. तो प्राणी म्हणजे कालव. मी न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर मालवणजवळ, खाडीकाठी. कालवं खातच मोठी झाले. ती वाढवायची कशी हे मात्र इथे, ब्रुकलिनच्या मुलांबरोबर शिकले.

हे मराठी वर्तमानपत्रात लिहावंसं वाटलं, कारण कोकणच्या किनाऱ्यावरच्या शाळांना हे न्यूयॉर्कपेक्षा सोपं जाईल, स्वस्तात होईल, आणि तरीही ते होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मागे सुट्टीत घरी आले असताना खाडीला लागून असलेली एक शाळा पाहिली. प्रयोगशाळेत काचेची नवीकोरी टाकी, टाकीत गोल्डफिश, वर भिंतीवर ‘सागरी जीवन’ असा रंगवलेला फलक. गोल्डफिश हा गोड्या पाण्यातला मासा. मुलांना टाकीला हात लावायची मनाई होती. त्याच खोलीच्या खिडकीतून खाडी दिसत होती. पाणी ओसरलं होतं आणि खडकांवरचे कालवांचे थर उघडे पडले होते. त्या मुलांपैकी अर्ध्यांच्या घरी त्या खडकांवरची कालवं शिजत असणार.

न्यूयॉर्क हे एके काळी कालवांचं शहर होतं. हडसन नदी जिथे समुद्राला मिळते त्या बंदरात सुमारे 2,20,000 एकरांवर कालवांचे थर पसरलेले होते. एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि तळघरातल्या खानावळींत कालवं विकली जात. गरिबाला परवडेल असं ते खाणं होतं. मग बेसुमार उपसा झाला, बंदर खोल करण्यासाठी तळ खरवडला गेला, आणि वाढत्या शहराचं सांडपाणी थेट पाण्यात सोडलं गेलं. कालवांतून टायफॉईड पसरू लागला. 1927 मध्ये बंदरातली कालवं काढण्याची शेवटची ठिकाणंही बंद झाली. पुढे 1972 मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा आला, सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली, पाणी हळूहळू जगण्याजोगं झालं. तरी कालवं काही परत आली नाहीत.

का आली नाहीत, हा प्रश्न मी दर वर्षी वर्गाला विचारते आणि उत्तर लगेच सांगत नाही. कालवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतं. टाचणीच्या डोक्याहूनही लहान. त्या अवस्थेच्या शेवटी त्याला डोळ्यासारखा एक काळा ठिपका येतो आणि एक इवलासा पाय फुटतो. त्या पायाने ते चाचपडत जागा शोधतं. त्याला टणक जागा लागते, आणि सगळ्यांत जास्त पसंत असतो तो दुसऱ्या कालवाचा शिंपला. जागा पटली की स्वतःच तयार केलेल्या सिमेंटने ते डावी बाजू खाली चिकटवतं. पाय झडतो, डोळा जातो, पुन्हा हलणं नाही. न्यूयॉर्कच्या बंदरात थर खरवडून नेल्यावर खाली नुसता गाळ उरला. पाणी सुधारलं तरी पिल्लांना बसायला जागाच नव्हती. हे उत्तर एखाद्या मुलाने स्वतःहून काढलं की वर्गाचा नूरच बदलतो, कारण आता काय करायचं हेही त्यालाच सुचतं: जागा आपण देऊ.

तेच काम इथे मोठ्या प्रमाणावर चालतं. 2003 मध्ये मरे फिशर यांनी न्यूयॉर्क हार्बर स्कूल नावाची सरकारी माध्यमिक शाळा सुरू केली. सुरुवातीला ती ब्रुकलिनच्या बुशविक भागात, पाण्यापासून लांब होती. 2010 मध्ये ती बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंड या बेटावर गेली, आणि तिथली मुलं आता फेरीबोटीने शाळेत जातात. बोट चालवणं, पाणबुडेगिरी, सागरी यंत्रांची दुरुस्ती, मत्स्यसंवर्धन हे तिथले अभ्यासाचे विषय आहेत. संवर्धन शिकवायला पीट मालिनॉव्स्की होते, स्वतः घरच्या कालवशेतीत वाढलेले. या दोघांनी 2014 मध्ये ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ उभा केला. 2035 पर्यंत बंदरात शंभर कोटी कालवं परत आणायची, असा त्यांचा संकल्प. आतापर्यंत दहा कोटींहून जास्त सोडली गेली आहेत. शहरातल्या रेस्टॉरंटांमधून खाऊन उरलेले शिंपले गोळा होतात, बेटावर त्यांचे ढीग रचून वर्षभर ऊन-पाऊस खाऊ देतात, मग टाक्यांत भरून त्यांच्यावर पिल्लं बसवतात. एकेका शिंपल्यावर बरीच पिल्लं बसतात. असे शिंपले तारेच्या पिंजऱ्यात घालून शहरभरच्या शाळांना दिले जातात. आमचा पिंजरा असाच आला.

पिंजरा धक्क्याला दोराने बांधून पाण्यात सोडलेला असतो. तो वर ओढायचा दिवस असला की वर्ग सकाळपासून जागेवर बसत नाही. दोन मुलं दोर ओढतात, तिसरं त्याची गुंडाळी करतं. पिंजरा वर येतो तेव्हा काळपट गाळाने माखलेला असतो. त्याच्यातून पाणी गळत असतं, आणि पहिल्यांदा आलेली मुलं नाकाला हात लावतात. मग कुणाला तरी जाळीत उडी मारणारी पारदर्शक कोळंबी दिसते. तळहाताच्या रेषेएवढा मासा शिंपल्याखालून निसटतो. कोपऱ्यात रबरी थैलीसारखे समुद्री जीव चिकटलेले असतात. दाबले की ते पिचकारी मारतात. नाकावरचे हात तेवढ्यात कधी खाली येतात ते कळतही नाही.

त्यानंतरचं काम मात्र शांत आणि कंटाळवाणं वाटावं असं आहे, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. प्रत्येक शिंपल्याला क्रमांकाची पट्टी असते. बोटाने गाळ पुसायचा, कालवाच्या बिजागरीपासून ओठापर्यंत कॅलिपर लावायचा, आकडा मिलिमीटरमध्ये मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तो तक्त्यात लिहायचा. जिवंत की मेलेलं ते पाहायचं: तोंड उघडं असेल तर हलकेच टिचकी मारायची, मिटलं तर जिवंत, नाही मिटलं तर गेलं. नव्या वाढीची कड कोणती हे मुलं नजरेने ओळखू लागतात. ती कागदासारखी पातळ आणि फिकट असते आणि बोट कापेल इतकी धारदार. मग पाण्याचं तापमान, खारटपणा, विरघळलेला प्राणवायू, आम्लता, गढूळपणा. सगळं लिहून झालं की पिंजरा पुन्हा पाण्यात.

एका वर्षी उन्हाळ्यानंतर पिंजरा वर काढला तर निम्म्याहून जास्त कालवं मेलेली. वर्गात सन्नाटा पसरला. एक मुलगा, ज्याचे आईवडील इक्वेडोरहून आलेले आणि जो वर्गात एरवी तोंड उघडत नसे, रिकामे शिंपले एकेक करून उजेडात धरून बघत बसला. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. शिंपल्यात टाचणीने पाडावं असं एक गोल, स्वच्छ भोक होतं. कालवं भोकं पाडून खाणारी एक गोगलगाय असते, तिचं ते काम. पण भोक सगळ्या शिंपल्यांना नव्हतं. बाकीच्यांचं काय झालं? मुलांनी मागचे तक्ते काढले, पावसाच्या नोंदी काढल्या. न्यूयॉर्कमध्ये पावसाचं पाणी आणि घरांचं सांडपाणी बऱ्याच भागांत एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस झाला की प्रक्रिया केंद्राला ते झेपत नाही आणि सगळं तसंच बंदरात जातं. अशा पावसानंतर पाण्याला हात लावायचा नाही, हे आमच्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय पिंजरा तळाला टेकला होता आणि गाळात रुतला होता. नेमकं कशाने किती मेली हे सांगता येईना, आणि तसं अहवालात लिहायला मी त्यांना सांगितलं. पिंजरा हातभर वर बांधायचं त्यांनीच ठरवलं.

या प्रसंगात मी एकदाही ‘प्राण्यांवर प्रेम करा’ म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. शाळेत सशाचं पिल्लू आणलं तर मुलं त्याच्यावर लगेच जीव लावतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्या सगळ्या मायेत ससा कुठे राहतो, काय पितो, त्याच्या अवतीभोवती काय चाललंय, हे मागे पडतं. कालवाच्या बाबतीत असं करताच येत नाही. त्याला कुरवाळता येत नाही. त्याचं बरं चाललंय की नाही हे त्याच्याकडे बघून कळत नाही, मोजावं लागतं. आणि त्याच्यासाठी काही करायचं तर पाण्यासाठीच करावं लागतं. एक मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला 50 गॅलनपर्यंत, म्हणजे जवळपास 190 लिटर पाणी गाळू शकतं. दोन बरण्यांत सारखंच गढूळ पाणी घेऊन एकीत कालवं ठेवली की तासा-दोन तासांत फरक डोळ्यांना दिसतो. पण कालवं एकट्याने बंदर स्वच्छ करतील असं मी मुलांना कधीच सांगत नाही. गटारं नीट केल्याशिवाय ते होणार नाही. बारा वर्षांचं मूल गटारांच्या नकाशात रस घेऊ लागतं ते एका शिंपल्यामुळे, हे मी पाहिलेलं आहे.

समुद्री जीवांची पिल्लं वाढवण्याचे शाळांतले इतर प्रयोगही जगात आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कित्येक दशकांपासून सरकारी संवर्धन केंद्रं शाळांना सामन माशांची अंडी देतात. थंड पाण्याच्या टाकीत वर्ग ती सांभाळतो, रोजच्या तापमानाची बेरीज करत राहतो आणि त्यावरून अंडी कधी फुटतील याचा अंदाज बांधतो. वसंतात पिल्लं ओढ्यात सोडतात आणि ती पुढे समुद्रात जातात. उत्तम उपक्रम आहे. पण त्याला पाणी थंड ठेवणारं यंत्र लागतं, अखंड वीज लागते, सुट्टीतही कुणीतरी टाकीकडे बघावं लागतं. हे कोकणात जसंच्या तसं आणायला गेलं तर पहिल्यांदा बराच वेळ वीज गेली की सगळं संपेल, आणि मुलांच्या मनात उरेल ती फक्त मेलेल्या पिल्लांची टाकी.

कासवांचं कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगते. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं जे काम केलं, ते महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असं आहे. अंडी चोरीला जायची त्या किनाऱ्यावर आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. शाळांच्या सहलीही येतात. मुलं ते बघतात, टाळ्या वाजवतात, परततात. बघायलाच हवं. पण ते वाढवणं नव्हे, आणि कासवाच्या बाबतीत ते वाढवणं होऊही नये. कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना टाकीत ठेवणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, घरट्यातून निघालेलं पिल्लू अंड्यातल्या उरलेल्या बलकाच्या जोरावर पहिले दोन दिवस जिवाच्या आकांताने खोल समुद्राकडे पोहत असतं. त्याला बादलीत ठेवून मुलांना दाखवत बसलं तर ती शिदोरी बादलीतच संपते. समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांनाही हाच कायदा लागू आहे. म्हणून शाळेला प्राणी द्यायचा तर तो साधा, कायद्यात बसणारा, तिथल्याच पाण्यातला, आणि गेला तरी समुद्राचं काही बिघडणार नाही असा हवा.

असे प्राणी कोकणात पायाखाली आहेत. मी घरी कालवांची गोष्ट सांगितली तेव्हा शेजारच्या काकी, ज्यांचं सगळं आयुष्य सुकतीला कालवं फोडण्यात गेलं, मला म्हणाल्या, “अगो, कालवां खय पाळतत काय? ती आपसून वाढतत.” थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पण हल्ली पयल्यासारखी गावणत नाय, ह्या खरा.” का गावत नाहीत हे मी विचारलं. त्यांनी वाळूचा उपसा सांगितला, खाडीत येणारं घाण पाणी सांगितलं, कोणत्या खडकावर आधी काय होतं आणि आता काय आहे ते सांगितलं. एका बाईच्या डोक्यात एका खाडीचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास होता आणि तो कुठेही लिहिलेला नाही. त्यांचा नातू त्याच गावच्या शाळेत जातो. त्याला विज्ञानात जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळतात.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या नातवाशी आहे. गाबित, कोळी, खारवी, भंडारी घरांतली मुलं शाळेत येतात तेव्हा खूप काही शिकून आलेली असतात. पाणी कधी चढेल, कुर्ली कुठल्या बिळात असेल, ती पकडताना बोट कुठे ठेवायचं नाही, शिनाणे, म्हणजे मसल हे शिंपले, कोणत्या खडकावर मोठे होतात, हे त्यांना कुणी परीक्षेसाठी शिकवलेलं नसतं. शाळेच्या दाराशी हे सगळं ज्ञान चपलांसारखं काढून ठेवावं लागतं. उलट दप्तराला माशांचा वास येतो म्हणून त्यांना चिडवलं जातं. मी शाळेत असताना माझ्या वर्गात ते ऐकलं आहे आणि आजही ऐकू येतं. ज्या दिवशी शाळा खाडीत एक दोर सोडेल, त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा शिक्षक आणि इतर मुलं त्या नातवाला विचारतील: दोर कुठे बांधू? किती खोल? आणि त्याला उत्तर माहीत असेल.

दोर म्हणते आहे तो शिनाण्यांचा. हिरव्या शिनाण्यांची शेती केरळात, विशेषतः कासरगोडच्या बाजूला, अनेक बचतगट करतात आणि तिचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेलं आहे. पावसाळा संपला की खडकांवर शिनाण्यांचं बी दिसू लागतं, नखाएवढी पिल्लं. ती अलगद काढायची, जाड दोराभोवती पसरायची आणि वरून सुती कापडाची पट्टी गुंडाळून शिवायची. असा दोर बांबूच्या तराफ्याला किंवा पाण्यात रोवलेल्या खांबांना टांगायचा. काही दिवसांत सुती कापड पाण्यात कुजून गळून पडतं. तोवर पिल्लांनी स्वतःचे रेशमासारखे धागे काढून दोराला घट्ट धरलेलं असतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल ते विसरणार नाही. पुढे त्यांना खाऊ घालावं लागत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ती आपापली वाढतात. वीज नको, यंत्र नको, दिवाळीच्या सुट्टीत पाळी लावायला नको. पाच-सहा महिन्यांत शिनाणे बोटभर होतात. पुढे पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की ते टिकत नाहीत, म्हणून त्याआधी काढावेच लागतात.

म्हणजे नोव्हेंबरात दोर सोडायचा आणि एप्रिलअखेर काढायचा. आपल्या शाळांचं दुसरं सत्र नेमकं हेच आहे. न्यूयॉर्कमध्ये आम्हाला थंडीत पिंजरा काढायचा तर बोटं बधिर होतात, कालवंही थंडीने मिटून निपचित पडतात, आणि ऐन वाढीच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते. कोकणात समुद्र आणि शाळा यांचं वेळापत्रक आपोआप जुळतं. आणखी एक फरक आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो. आमची मुलं त्यांनी वाढवलेलं एकही कालव खाऊ शकत नाहीत; ते पाणी अजून तेवढं शुद्ध नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागरच्या ज्या खाड्यांचं पाणी तपासून चांगलं निघेल तिथली मुलं एप्रिलमध्ये आपलं पीक घरी नेऊ शकतील. आणि जिथे तपासणीत चांगलं निघणार नाही, तिथे का निघालं नाही हा प्रश्न गावापुढे येईल. शिनाणे काय किंवा कालवं काय, पाण्यातले जंतू स्वतःत साठवतात. तपासल्याशिवाय खायचं नाही, हा धडाही त्यातच आला.

आक्षेप मला ठाऊक आहेत, बरेचसे गावातच ऐकले आहेत. पहिला पालकांचा: मुलांना शाळेत पाठवतो ते शिनाणे धरायला नव्हे. त्यांना माझं सांगणं आहे की सरासरी, टक्केवारी, आलेख, क्षारता, अन्नसाखळी हे सगळं अभ्यासक्रमात आहेच, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच वीस शिनाण्यांची लांबी मोजून काढलेला आलेख फळ्यावरच्या आलेखापेक्षा पक्का डोक्यात बसतो. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. मुलांनी खोल पाण्यात उतरायचंच नाही. दोर काठावर आणायचा, मोजणी काठावर करायची, पाण्यातलं काम मोठ्यांनी लाइफ जॅकेट घालून करायचं, भरतीची वेळ पाहूनच जायचं. तिसरा आक्षेप शिक्षकांचा: आम्हाला हे येत नाही. खरं आहे, आणि म्हणूनच रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाने यात उतरायला हवं. ते 1981 पासून आहे, तिथे शिकणाऱ्या मुलांना गावागावांत जाऊन काम करायला मिळेल. सिंधुदुर्गात कालवं, शिनाणे, कुर्ल्या वाढवण्याचे प्रयोग केलेल्या बचतगटांच्या बायका आहेत. त्यांना मानधन देऊन शाळेत बोलवावं, मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव फलकावर लिहावं.

पैशांचं म्हणाल तर अटल टिंकरिंग लॅबसाठी एकेका शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. रोबो, सेन्सर, त्रिमिती छपाईयंत्र. त्याला माझा विरोध नाही. पण त्याच्या एका लहानशा अंशात बांबू, दोर, सुती कापड, पाणी तपासायचा संच, चार कॅलिपर आणि लाइफ जॅकेट येतात. लॅबमध्ये सेन्सर बनवणाऱ्या मुलांनी खाडीचं तापमान मोजणारा सेन्सर बनवला तर दोन्ही उपक्रमांना अर्थ येईल. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवले आहेत. ते दिवस एकाच आठवड्यात कुठल्याशा कारखान्याच्या भेटीत संपवू नयेत. सत्रभर पसरले तर दोर मोजायला पुरतात.

हे आपल्याला नवं आहे असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या बाजूला कोसबाडला ‘कुरणशाळा’ चालवली. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात नेली. गुरं चरत राहिली आणि मुलं शिकत राहिली. मुलाचं काम आणि मुलाचं शिक्षण यांना एकमेकांचे वैरी न मानण्याचं धाडस त्यांनी दाखवलं. त्या कोसबाडपासून समुद्र फार लांब नाही.

आणखी एका कारणासाठी मला हे निकडीचं वाटतं. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. दोन्ही निर्णय चांगले. पण बाजारात पापलेटची तळहाताहून लहान पिल्लं आजही विकली जातात आणि आपणच ती स्वस्त मिळाली म्हणून आणतो. अधिकारी किती टोपल्या तपासणार? ज्या मुलाने स्वतःच्या हाताने मिलिमीटर-मिलिमीटर वाढ मोजली आहे, वाढायला किती महिने लागतात आणि एका गढूळ आठवड्यात किती जीव जातात हे पाहिलं आहे, त्याच्यासमोर ती टोपली आली की त्याला काय दिसेल, याची मला कल्पना आहे. आमच्या वर्गातली मुलं मासळीच्या दुकानात आकार विचारतात. त्यांच्या आयांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं आहे.

तेव्हा मागणी एवढीच आहे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि मेरीटाईम बोर्ड यांनी शाळांच्या अशा लहान तराफ्यांसाठी एक पानाची, शुल्काविना, एका खिडकीवर मिळणारी परवानगी ठरवून द्यावी. जिल्हा परिषदेने किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यातली निदान एक शाळा निवडावी आणि तिच्या खाडीचं पाणी ऑक्टोबरात तपासून घ्यावं. मुख्याध्यापकांनी गावातल्या कालवं काढणाऱ्या बायकांना दिवाळीपूर्वी शाळेत बोलवून बी कुठल्या खडकांवर येतं ते विचारावं, आणि ते किती काढायचं हेही त्यांनाच ठरवू द्यावं, कारण त्या खडकांवर त्यांचं पोट आहे. बी यायला लागलं की आठवडाभरात दोर शिवून झाला पाहिजे. उशीर केला तर ते खडकावरच मोठं होतं आणि दोराला नीट धरत नाही.